एक पुस्तक, तीन वयांची मुलं

(युवक-युवतींच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा मजकूर)



विषय ऐकून तुमच्यातल्या काहींना प्रश्न पडला असेल, की मुसलमान घरातल्या मुलांना ख्रिस्ती पुस्तकातून इतिहास शिकवायचा, हा कुठला उद्योग? प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तर द्यायला मला थोडं मागून सुरुवात करावी लागेल.

मी मूळची दापोलीची. नवऱ्याच्या नोकरीमुळे आम्ही अमेरिकेत टेक्सासला गेलो आणि तिथे काही वर्षं आमच्या तीन मुलांना घरीच शिकवलं. सुरुवात केली तेव्हा धाकटी पाच वर्षांची होती, मधला नऊचा आणि थोरली तेराची. घरी शिकवण्याला तिकडे होमस्कूलिंग म्हणतात. १९९३ पर्यंत ते अमेरिकेच्या पन्नासही राज्यांत कायदेशीर झालं होतं, पण प्रत्येक राज्याचे नियम निराळे. न्यूयॉर्कमध्ये दर तिमाहीला अहवाल द्यावा लागतो. पेन्सिल्व्हेनियात मुलांच्या कामाची फाइल ठेवून ती जाणकाराकडून तपासून घ्यावी लागते. टेक्सासमध्ये १९९४ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने लीपर खटल्यात घरची शाळा ही खासगी शाळाच मानली. तिथे वाचन, स्पेलिंग, व्याकरण, गणित आणि 'चांगलं नागरिकत्व' एवढे पाच विषय शिकवले की झालं. या यादीत इतिहास नाही आणि काय शिकवता हे बघायला कोणी घरी येत नाही. म्हणजे मुलांच्या डोक्यात भूतकाळाचं कोणतं चित्र जाणार, हे पूर्णपणे आईबापांच्या हातात. स्वातंत्र्य मोठं आहे आणि चुकलं तर सांगणारंही कोणी नाही.

पुस्तक कुठून आलं

या चळवळीची मुळं दोन आहेत. एक जॉन होल्टसारख्या शिक्षणविचारवंताचं. शाळेमुळे मुलांची शिकण्याची ओढ मरते, असं त्याचं म्हणणं होतं. १९७७ साली त्याने 'ग्रोइंग विदाउट स्कूलिंग' हे नियतकालिक काढलं. त्यात धर्माचा संबंध नव्हता. दुसरं मूळ इव्हँजेलिकल ख्रिस्ती कुटुंबांचं. १९६२ आणि १९६३ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने सरकारी शाळांनी घडवून आणलेली प्रार्थना आणि बायबलवाचन घटनाबाह्य ठरवलं. त्यानंतर अनेक धार्मिक कुटुंबांना सरकारी शाळा परकी वाटू लागली. ऐंशीच्या दशकात अशी कुटुंबं मोठ्या संख्येने होमस्कूलिंगकडे वळली. त्यांच्यासाठी वकील उभे राहिले, मेळावे भरू लागले आणि पुस्तकांची मोठी बाजारपेठ तयार झाली. सरकारी अंदाजानुसार १९९९ मध्ये अमेरिकेत साडेआठ लाख मुलं घरी शिकत होती. २०१६ मध्ये हा आकडा सतरा लाखांच्या आसपास होता.

मुस्लिम कुटुंब होमस्कूलिंग करू लागलं, की जुन्या पुस्तकांच्या विक्रीत, ग्रंथालयात, शेजारणीच्या कपाटात त्याला हीच पुस्तकं सापडतात. मुलांसाठी इस्लामी इतिहासाची चांगली पुस्तकं आहेत, पण मला दिसली त्यांतली बहुतेक सीरत आणि खलिफांच्या गोष्टींभोवती फिरणारी. मला हवा होता सगळ्या जगाचा क्रमवार इतिहास. मिसर, चीन, ग्रीस, भारत, माया लोक, सगळे एकाच काळाच्या दोरीवर. आणि तोही असा, की स्वयंपाक आणि कपडे आटपता आटपता तीन मुलांना शिकवता येईल.

अशी पुस्तकं ख्रिस्ती प्रकाशकांकडे तयार आहेत. लिंडा लकूर होबार यांचं 'द मिस्टरी ऑफ हिस्टरी' घ्या. चार खंड, सृष्टीच्या निर्मितीपासून आजच्या काळापर्यंत. धडा सगळ्या मुलांनी एकत्र ऐकायचा आणि खाली लहान, मधल्या व मोठ्या मुलांसाठी वेगवेगळे उपक्रम दिलेले. 'टॅपेस्ट्री ऑफ ग्रेस' नावाचा दुसरा अभ्यासक्रम आहे. त्यात चार वर्षांत जगाचा इतिहास एकदा पुरा होतो आणि एकाच आठवड्यात एकाच काळावर चार पातळ्यांची मुलं आपापल्या कुवतीनुसार काम करतात.

वयाची ही विभागणी डोरोथी सेयर्स या इंग्रज लेखिकेच्या विचारातून पुढे आली. १९४७ साली ऑक्सफर्डमध्ये दिलेल्या व्याख्यानात त्या म्हणाल्या, की लहान मुलाला पाठांतराची हौस असते, त्याहून मोठ्याला वाद घालण्याची आणि किशोरवयात स्वतःचं म्हणणं मांडण्याची. ज्या वयाला जे आवडतं त्याच वाटेने शिकवा. तीन मुलांच्या कोणत्याही आईला हे व्याख्यानाशिवायही ठाऊक असतं, पण त्यावर पुस्तकं रचणं हे या मंडळींनी केलं. त्याचं श्रेय त्यांना दिलंच पाहिजे.

कुठे टोचतं

आता अडचण बघू. 'द मिस्टरी ऑफ हिस्टरी'च्या पहिल्या खंडाच्या नावातच तो निर्मितीपासून पुनरुत्थानापर्यंतचा आहे असं म्हटलेलं आहे. म्हणजे ख्रिस्ती श्रद्धेनुसार येशू मरणातून उठला तिथपर्यंत. सगळा प्राचीन इतिहास त्या एका घटनेकडे चाललेला आहे. लेखिका हे लपवत नाहीत. ख्रिस्ती घरांसाठीच त्यांनी ते लिहिलं आहे आणि तो त्यांचा हक्क आहे. पण आपण हजरत ईसांना पैगंबर मानतो, त्यांच्या सुळावर जाण्याबद्दल आपली श्रद्धा वेगळी आहे. मग पुस्तकाचा कणाच आपल्या घरात बसत नाही.

अशा पुस्तकांमध्ये दुसरंही काही असतं. साम्राज्यं उभी राहतात, कोसळतात, आणि त्यामागे देवाची योजना सांगितली जाते. मुसलमान बहुतेकदा सरहद्दीवर येतात. ७३२ साली फ्रान्समध्ये चार्ल्स मार्टेलने त्यांना अडवलं, १०९९ मध्ये जेरुसलेम त्यांच्याकडून घेतलं, १४५३ मध्ये त्यांनी कॉन्स्टँटिनोपल घेतलं. प्रत्येक वेळी ते घोड्यावर आणि हातात तलवार. असाच एक धडा वाचताना माझ्या नऊ वर्षांच्या मुलाने विचारलं, "अम्मी, या गोष्टीत व्हिलन आपण आहोत का?"

या प्रश्नावर आईबाप सहसा दोन उपाय करतात. पहिला, पुस्तक फेकून द्यायचं. त्याने मुलांना एवढंच कळतं, की दुसऱ्याचं म्हणणं ऐकायचंच नसतं. दुसरा उपाय जास्त लोकप्रिय आहे. चौकट तीच ठेवायची आणि रंग बदलायचा. देवाची योजना कायम, फक्त ती आता आपल्या बाजूने. सगळा इतिहास बगदाद आणि कुर्तुब्याकडे चाललेला, आपले सुलतान न्यायी, त्यांचे राजे क्रूर. मुलाला विचारलं तर ते सांगेल, की व्हिलन आता समोरचे आहेत. मुलाच्या प्रश्नाचं हे उत्तर नव्हे. गोष्टीत व्हिलन लागतोच, ही समजूत आपण तशीच ठेवली आणि माणूस तेवढा बदलला.

मला तुम्हाला आज मुख्यतः एवढंच सांगायचं आहे. परक्या धर्माचं पुस्तक आपल्या घरात आणताना नावं बदलणं सोपं आहे. खरं काम आहे मुलाला प्रत्येक वाक्याचा प्रकार ओळखायला शिकवणं.

तीन वाक्यांचा नियम

आमच्या घरी एक नियम होता. धड्यातलं कोणतंही महत्त्वाचं विधान तीन वाक्यांपैकी एका वाक्यात बसवायचं. 'हे घडलं आणि ते आपल्याला अमुकमुळे कळतं.' 'हे ते लोक मानतात.' 'हे आपण मानतो.' फळ्यावर तीन रकाने असायचे.

जेरुसलेम शहर १०९९ मध्ये क्रुसेडरांनी जिंकलं, हे पहिल्या रकान्यात. हजरत ईसा मरणातून उठले, हे दुसऱ्या. ईसा हे अल्लाहचे पैगंबर, हे तिसऱ्या. हा नियम दोन्ही बाजूंना सारखा लागू. आपली श्रद्धा पहिल्या रकान्यात ढकलायची नाही आणि त्यांची श्रद्धा 'खोटं' असा चौथा रकाना काढून त्यात टाकायची नाही.

दुसऱ्या रकान्यासाठी एक कसोटी आहे. ते वाक्य त्या धर्माच्या माणसाला दाखवायचं आणि विचारायचं, की तुम्ही असंच म्हणता ना? आपल्याकडे सहज म्हटलं जातं, ख्रिस्ती लोक तीन देव मानतात. कोणत्याही ख्रिस्ती माणसाला विचारा, तो म्हणेल, आम्ही एकच देव मानतो. त्या एकाला ते पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा अशा रूपात समजतात. आपल्याला ते पटत नसेल, पण मुलाला सांगताना त्यांचं म्हणणं त्यांच्या शब्दांत सांगायला हवं. आपल्या धर्माबद्दल दुसऱ्यांनी असंच वागावं, अशी आपली अपेक्षा असते ना?

या नियमाने जगाच्या वयाचा प्रश्नही सोडवता येतो. अनेक ख्रिस्ती होमस्कूल पुस्तकांत जग काही हजार वर्षांचं दाखवलेलं असतं. त्यामागे जुनी परंपरा आहे. जेम्स अशर या आयरिश आर्चबिशपने सतराव्या शतकात बायबलमधल्या वंशावळींवरून हिशेब करून सृष्टीची निर्मिती इसवी सनापूर्वी ४००४ मध्ये झाली असं ठरवलं. हे दुसऱ्या रकान्यात. पृथ्वी सुमारे साडेचारशे कोटी वर्षांची आहे, हे खडकांमधल्या किरणोत्सर्गी मूलद्रव्यांच्या मोजणीवरून कळतं, पहिल्या रकान्यात. आणि तिसऱ्या? आपण अल्लाहला निर्माता मानतो. कुराणात निर्मितीचं साल दिलेलं नाही. थोरलीला मी अल बिरुनीबद्दल सांगितलं. हजार वर्षांपूर्वी त्याने वेगवेगळ्या लोकांच्या कालगणना शेजारी शेजारी मांडून दाखवलं, की आदमपासून सिकंदरापर्यंतचा काळ मोजताना यहुदी आणि ख्रिस्ती यांच्या हिशेबात हजाराहून जास्त वर्षांचा फरक पडतो. एकाच ग्रंथपरंपरेतून निघालेले आकडे एवढे वेगळे असतील, तर श्रद्धा एका बाजूला ठेवावी आणि सालांची मोजणी दुसऱ्या, हे तेरा वर्षांच्या मुलीला चटकन कळतं.

एक धडा, तीन वयं

नियम एकच, पण तो पाच वर्षांच्या मुलीला आणि तेरा वर्षांच्या मुलीला सारखा सांगता येत नाही. क्रुसेडचाच धडा घेऊन सांगते.

आधी वीस मिनिटं सगळ्यांना एकत्र वाचून दाखवायचं. पुस्तक जसं आहे तसं. धाकटी बसल्यामुळे कत्तलीचे परिच्छेद मी त्या वेळी गाळत असे, थोरली ते नंतर स्वतः वाचे. वाचून झालं, की प्रत्येकाने ऐकलेलं आपल्या शब्दांत सांगायचं. शार्लट मेसन या इंग्रज शिक्षिकेने शंभर वर्षांपूर्वी रुजवलेली ही पद्धत आहे. आमच्या घरी फरक एवढाच, की ऐकायचं इंग्रजीत आणि सांगायचं मराठीत. त्याने दोन कामं झाली. मराठी टिकली, आणि पुस्तकातलं वाक्य जसंच्या तसं घोकायची सोय उरली नाही.

मग वाटा वेगळ्या. पाच वर्षांच्या मुलीला एवढंच कळायला हवं होतं, की एक शहर आहे आणि ते तीन धर्मांच्या लोकांना प्रिय आहे. तिने कागदावर ते शहर काढलं. एक भिंत, एक चर्च, एक सोनेरी घुमट. तिचा प्रश्न होता, "मग ते वाटून का घेत नाहीत?" मी उत्तर दिलं नाही. तो प्रश्न वहीत लिहून ठेवला, कारण तो मोठ्यांनाही सुटलेला नाही. या वयात शत्रू शिकवायचा नाही. शत्रू शिकवला, की पुढे दहा वर्षं तो पुसत बसावं लागतं.

मधल्याला कालरेषा आवडायची. भिंतीवर लांब कागद, वर इसवी सन, खाली हिजरी सन. १०९९ खाली ४९२. ११८७ खाली ५८३. दोन सनांमुळे त्याला आपोआप कळलं, की काळ मोजायला कुठून सुरुवात करायची हे माणसं ठरवतात. त्याला मी उसामा इब्न मुनकिधची गोष्ट वाचायला दिली. हा बाराव्या शतकातला सीरियाचा सरदार, क्रुसेडरांशी लढलेला. आपल्या आठवणींत तो सांगतो, की जेरुसलेममध्ये गेलो, की टेम्पलर हे ख्रिस्ती लढवय्ये माझे मित्र असल्याने मला नमाजासाठी जागा मोकळी करून देत. एकदा युरोपातून नुकताच आलेला एकजण येऊन त्याला धरून पूर्वेकडे वळवू लागला, म्हणे अशी प्रार्थना कर. टेम्पलरांनी त्याला दूर केलं आणि उसामाची माफी मागितली, की हा नवीन आला आहे, याला माहीत नाही. नऊ वर्षांच्या मुलाला या गोष्टीत व्हिलन शोधता येत नाही. तो म्हणाला, "नवीन आलेल्याला कोणी सांगितलंच नव्हतं." त्याच्या आधीच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर त्याने स्वतःच दिलं.

थोरलीचं काम पुराव्याचं. जेरुसलेम पडलं तेव्हा किती माणसं मेली? इब्नुल असीर हा अरब इतिहासकार म्हणतो, मस्जिदे अक्सामध्ये सत्तर हजारांहून जास्त. पण तो जन्मला ११६० मध्ये, म्हणजे घटनेनंतर साठ वर्षांनी. रेमंड द अगिलेर हा ख्रिस्ती लेखक क्रुसेडरांबरोबर तिथेच होता. तो अभिमानाने लिहितो, की रक्त घोडेस्वारांच्या गुडघ्यांपर्यंत आलं. आणि तिसरीकडे कैरोच्या एका यहुदी प्रार्थनास्थळात जपून राहिलेल्या कागदांमध्ये त्या काळचं एक पत्र सापडलं. त्यात अस्कलानचे यहुदी पुढारी लिहितात, की जेरुसलेमहून कैद झालेल्या माणसांना आणि ग्रंथांना पैसे देऊन सोडवतो आहोत. म्हणजे सगळेच मारले गेले नव्हते. आजचे बहुतेक इतिहासकार कत्तल भयानक होती हे मान्य करतात, पण सत्तर हजार हा आकडा मानत नाहीत. थोरलीला प्रश्न एकच, की यातला कोण तिथे होता, कोण कोणासाठी लिहीत होता आणि कोणाला काय वाढवून सांगायचं होतं?

इथे मुसलमान घरात थोडी कुजबुज होते. आपल्या शहीदांचा आकडा कमी का करायचा? मी म्हणते, मेलेल्या माणसांचा मान आकड्याने वाढत नाही. तीन हजार निरपराध मारले गेले तरी तो गुन्हाच असतो.

आपल्या परंपरेतली तपासणी

आकडे तपासायची ही सवय पश्चिमेकडून आणावी लागत नाही. इब्न खल्दूनने १३७७ साली लिहिलेल्या 'मुकद्दिमा'च्या सुरुवातीलाच हे केलेलं आहे. हजरत मूसांच्या सैन्यात सहा लाखांहून जास्त माणसं होती, असं मसूदी आणि इतर इतिहासकार लिहितात. बायबलमध्येही सहा लाखांचाच आकडा आहे आणि ख्रिस्ती पुस्तकातल्या मूसांच्या धड्यात तो भेटतो. इब्न खल्दून विचारतो, एवढं सैन्य एका मैदानात उभं तरी कसं राहील? एका टोकाला काय चाललंय ते दुसऱ्या टोकाला कसं कळेल? इराणचं साम्राज्य कितीतरी मोठं, तरी कादिसियाच्या लढाईत त्यांचे एक लाख वीस हजारच होते. आणि याकूबपासून मूसापर्यंत जर चारच पिढ्या, तर एवढी प्रजा वाढली कधी?

लक्षात घ्या, हा माणूस काझी होता, श्रद्धावान होता. मूसांच्या पैगंबरीवर त्याने शंका घेतली नाही, आकड्यावर घेतली. त्याच्याही आधी तबरीने आपल्या मोठ्या इतिहासाच्या सुरुवातीला वाचकाला बजावलं, की यातली एखादी हकिगत विचित्र वाटली, तर ती मला सांगणाऱ्यांनी सांगितली तशी मी दिली आहे. म्हणजे कोणी सांगितलं, हे विचारायला त्यानेही वाट मोकळी ठेवली. मुलांना सोनेरी बगदादच्या दहा गोष्टी सांगण्यापेक्षा ही एक गोष्ट सांगितलेली बरी.

बगदाद सांगायचंच, तर पूर्ण सांगा. नवव्या शतकात ग्रीक वैद्यकाची पुस्तकं अरबीत आणणारा सर्वात नावाजलेला अनुवादक हुनैन इब्न इसहाक हा ख्रिस्ती होता. त्याच शतकात बसऱ्याजवळच्या खारट जमिनीवर राबवलेल्या आफ्रिकी गुलामांनी बंड केलं. ८६९ ते ८८३ अशी चौदा वर्षं ते चाललं. तेच अब्बासी राज्य, तीच खिलाफत. सलाहुद्दीनने ११८७ मध्ये जेरुसलेम घेतलं तेव्हा कत्तल केली नाही, हे खरं आहे आणि अभिमानाने सांगावं. पण सुटकेसाठी पुरुषामागे दहा दिनार, बाईमागे पाच दिनार ठरले होते आणि ज्यांना ते भरता आले नाहीत त्यांतले हजारो गुलाम झाले, हेही सांगावं. पाच वर्षांच्या मुलीला नाही, पण बारा-तेराच्या मुलाला नक्की. त्याला ते आईकडून कळलं नाही, तर कोणीतरी मोबाइलवर टोमणा मारून सांगेल, आणि मग तो आईच्या बाकीच्या गोष्टींवरही विश्वास ठेवणार नाही.

अमेरिकेच्या इतिहासात आमच्या मुलांना आपलं माणूस भेटलं ते उमर इब्न सईद. पश्चिम आफ्रिकेतला शिकलेला मुसलमान, पकडून गुलाम म्हणून विकला गेलेला. १८३१ साली नॉर्थ कॅरोलायनात त्याने अरबीत आपलं आत्मचरित्र लिहिलं. ते हस्तलिखित आज अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये आहे. त्याने नंतर ख्रिस्ती धर्म स्वीकारला असं त्याच्या मालकाच्या वर्तुळात मानलं जाई, पण त्याचं आत्मचरित्र कुराणातल्या सूरह मुल्कने सुरू होतं. मनाने तो कोण होता? थोरलीने यावर दोन पानं लिहिली आणि शेवटी लिहिलं, की गुलामाला मनातलं मोकळेपणी लिहिता येत नसतं, म्हणून नक्की सांगता येणार नाही. मला त्या वाक्याचा आनंद झाला. आपल्या बाजूचा निकाल हाताशी असूनही तिने तो ओढून घेतला नाही.

रोजचं काम

आता थोडं व्यवहाराचं. कोणाला असं काही करायचं असेल तर पुस्तकातले सगळे धडे घेऊ नका. आठवड्याला दोन पुरेत. पुस्तक विकत घ्या, जुनं चालेल, पण झेरॉक्स काढून वाटू नका, ती लेखकाची मेहनत आहे. पुस्तकात खाडाखोड करू नका, वेगळं पान जोडा. म्हणजे मुलांना मूळ म्हणणं आणि आपलं म्हणणं दोन्ही दिसतात. मोठ्या मुलाला धाकट्याचा मास्तर करू नका. त्याला स्वतःचा अभ्यास असतो, आणि मोठ्या बहिणीवर तर हे काम घरोघरी आपोआप पडतं. तिने शिकवायचंच असेल तर महिन्यातून एक धडा, तिच्या आवडीचा. आणि तीन मुलांना एकच परीक्षा नको. धाकटीने चित्र दाखवावं, मधल्याने कालरेषेवर बोट ठेवून गोष्ट सांगावी, थोरलीने दोन पुरावे समोर ठेवून एक पान लिहावं.

तुम्ही म्हणाल, आम्ही कुठे होमस्कूलिंग करतो? बरोबर आहे. तुमची भावंडं शाळेत जातात. पण आपल्या घरातलं मूल इतिहास एकाच ठिकाणी शिकत नाही. सकाळी शाळेत एक ऐकतं, संध्याकाळी मदरशात दुसरं आणि रात्री मामाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर तिसरं. तिन्ही ठिकाणी सांगणारे खात्रीने बोलत असतात. त्या मुलाशेजारी बसून हे घडलं, हे ते मानतात, हे आपण मानतो, असे तीन रकाने आखून देणारं घरात कोणी नसतं. शिकलेली ताई किंवा भाईजान म्हणून ते काम तुमचं आहे. त्याला ना पैसे लागतात, ना कोणाची परवानगी.

म्हणून जाण्यापूर्वी एक मागणी करते. या आठवड्यात घरातल्या एका लहान भावंडाचं इतिहासाचं पुस्तक उघडा. कोणताही एक धडा घ्या, शक्यतो असा, की जो वाचताना तुम्हाला स्वतःला थोडा राग येतो. भावंडाला तो मोठ्याने वाचायला सांगा, मग आपल्या शब्दांत सांगायला सांगा. त्यानंतर वहीत तीन रकाने आखा आणि दोघांनी मिळून ते भरा. पहिला रकाना भरताना प्रत्येक वाक्याला विचारा, हे आपल्याला कसं कळलं? दुसरा रकाना भरून झाला, की तो त्या समाजातल्या तुमच्या एखाद्या मित्राला किंवा मैत्रिणीला दाखवा. ते पान पुढच्या बैठकीला घेऊन या, आपण एकमेकांची पानं वाचू.

आता तुमचे प्रश्न घेऊ.